शेवाळाचा जमा-खर्च

या पानावर एरवी मुलांचे शिक्षण, घरखर्च, आजारपण, लग्नकार्य अशा विषयांवर लिहिले जाते. आज आम्ही शेवाळावर लिहिणार आहोत, हे वाचून वाचकांना नवल वाटेल. हे शेवाळ मोरीतले नाही की पाण्याच्या टाकीवरचे नाही. काचेच्या पेटीत, खाऱ्या पाण्यात, प्रवाळांवर वाढणारे हे शेवाळ आहे. या हिरव्या केसांनी आमच्या घरात वर्षभर जी उलथापालथ केली आणि त्यातून आम्हाला जे शिकायला मिळाले, ते इतर कुटुंबांच्याही उपयोगी पडेल असे वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

त्याचे असे झाले. २०२२ च्या जून महिन्यात आमच्या कार्यालयातील एका साहेबांची दिल्लीला बदली झाली. त्यांच्याकडे खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय होते. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. ते दिल्लीला नेणे शक्य नव्हते. साहेब म्हणाले, "तुमच्या मुलीला विज्ञानाची आवड आहे ना? घेऊन जा." आम्ही कारकून माणूस. फुकट मिळालेली वस्तू पुढे किती खर्चाची ठरेल याचा हिशेब त्या दिवशी केला नाही. बी.कॉम. होऊन ही चूक केली, हे प्रथमच कबूल करतो. विक्रोळीच्या वसाहतीत आमचे घर तळमजल्यावर आहे, म्हणून वजनाची चिंता नव्हती. लोखंडी स्टँडसह पेटी टेम्पोतून आली आणि बाहेरच्या खोलीत, आमच्या आईच्या पलंगासमोर तिची स्थापना झाली.

पेटीत दोन क्लाऊनफिश होते, अंगावर केशरी-पांढरे पट्टे असलेले. एक निळा डॅम्सेल मासा, दोन कोळंब्या, आणि खडकांवर मऊ प्रवाळ. मऊ प्रवाळ हा शब्द मुद्दाम वापरला आहे. दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे यांना आपल्या देशात २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे. वाघाला जे संरक्षण, तेच त्यांना. समुद्रातून ते तोडणे किंवा विकणे हा गुन्हा आहे. आमच्याकडचे प्रवाळ म्हणजे छत्रीसारखे पसरणारे मशरूम आणि बटणांच्या फुलांसारखे दिसणारे झोअँथस. खडकही समुद्रातले नव्हते. ते सिमेंट आणि शिंपल्यांच्या चुऱ्यापासून बनवलेले होते.

आमची थोरली तेव्हा नुकतीच दहावी झालेली. तिने वही घातली. पाण्याचे तापमान, खारटपणा, दिवा किती तास लागला, सगळे लिहू लागली. धाकटा शाळेतून आल्यावर दप्तर न काढता पेटीसमोर बसे. आणि आमची आई, जी दुपारभर घरात एकटी असते, ती म्हणू लागली, "बरं झालं, सोबत झाली."

हिरवे केस

ऑक्टोबरात खडकांवर तपकिरी धूळ बसली. ती थोड्या दिवसांनी गेली आणि तिच्या जागी हिरवी लव आली. डिसेंबरात त्या लवेचे केस झाले. जानेवारी २०२३ पर्यंत ते बोटभर लांब झाले आणि झोअँथसची बटणे त्यांच्याखाली गाडली गेली. ज्या प्रवाळाला उजेड मिळत नाही तो मिटून जातो, कारण त्याच्या अंगात राहणारे सूक्ष्म जीव उजेडावर त्याचे अन्न बनवतात. उजेड शेवाळाने अडवला की प्रवाळाची उपासमार सुरू होते.

मुलांची आई एक दिवस म्हणाली, "अहो, हे मत्स्यालय आहे की मोरी?" पाहुणे यायचे तेही पेटीकडे बघून गप्प बसायचे.

आम्ही कामाला लागलो. दर रविवारी दात घासायचा जुना ब्रश घेऊन खडक पेटीतल्या पेटीतच घासले. पाणी हिरवे व्हायचे आणि संध्याकाळपर्यंत निवळायचे. आम्हाला वाटे, झाले साफ. पण सुटलेला प्रत्येक धागा पाण्यात फिरून दुसऱ्या खडकाला चिकटत होता. म्हणजे आम्ही दर आठवड्याला नवी पेरणी करत होतो! मग कोणीतरी सांगितले म्हणून पेटीवर चादर टाकून तीन दिवस अंधार केला. शेवाळ फिके पडले, घरात आनंद झाला, आणि पंधरा दिवसांत ते होते तेवढे परत आले.

शेवटी फेब्रुवारीत आम्ही एका दुकानात गेलो. दुकानदाराने एक निळी बाटली दिली. "दोन दिवसांत सफाचट," असे त्याचे शब्द. थोरली क्लासला गेली होती. तिला न विचारता आम्ही शनिवारी रात्री औषध ओतले. बाटलीवर जेवढी टोपणे लिहिली होती त्यापेक्षा अर्धे टोपण जास्तच ओतले, काम पक्के व्हावे म्हणून.

सोमवारी शेवाळ पांढरे पडले. मंगळवारी पहाटे आईने हाक मारली. दोन्ही कोळंब्या तळाशी मरून पडल्या होत्या. क्लाऊनफिशपैकी मोठा मासा पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होता. आम्ही कार्यालयात जाईपर्यंत तोही गेला. एवढे शेवाळ एकदम मेले की ते कुजते, आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकते, हे आम्हाला नंतर कळले. गोड्या पाण्यातल्या शेवाळावरच्या औषधांत पुष्कळदा तांबे असते आणि कोळंबी, गोगलगाय, प्रवाळ यांना तांब्याचा अंशही सोसत नाही, हेही नंतर कळले.

संध्याकाळी थोरली घरी आली. ती रडली नाही. तिने बाटली हातात घेतली, चारी बाजूंनी फिरवून पाहिली आणि एवढेच विचारले, "पप्पा, या बाटलीत काय आहे?"

आम्ही पाहिले. बाटलीवर किती टोपणे ओतायची ते होते, आत काय आहे ते कुठेच नव्हते.

वाचकहो, वीस वर्षे आम्ही वस्तीत काम करतो. रेशनकार्डाचा अर्ज असो की कर्जाचा कागद, "वाचल्याशिवाय सही करू नका, आत काय लिहिले आहे ते विचारा," हे आम्ही किती लोकांना सांगितले असेल याची गणती नाही. आणि घरातल्या पाच जीवांच्या पाण्यात आम्ही काय ओतले हे आम्हालाच माहीत नव्हते. मुलगी आठ दिवस आमच्याशी बोलली नाही. मुलांच्या आईने निकाल दिला, "जूनपर्यंत बघू. तोवर सुधारलं नाही तर पेटी देऊन टाका. जीव मारायला घरात ठेवायची नाही." ती चुकीचे बोलत नव्हती.

नवव्या दिवशी आम्ही मुलीची माफी मागितली. बापाने मुलीपुढे चूक कबूल केली म्हणून तो लहान होत नाही. उलट त्या दिवसापासून आमच्या घरात पेटीचे काम खऱ्या अर्थाने सुरू झाले.

रोकड शून्य, माल गोदामात

आधी पेटीतले पाणी थोडे थोडे करून बदलले आणि कोळशाची पिशवी सोडली. कोळसा पाण्यातली पुष्कळशी द्रव्ये शोषून घेतो. मग थोरलीने एक अडचण मांडली. "पप्पा, शेवाळ नायट्रेट आणि फॉस्फेटवर वाढतं असं सगळीकडे लिहिलंय. पण बाटली ओतायच्या आधी मी जेव्हा जेव्हा तपासलं तेव्हा दोन्ही शून्य आलं. मग ते वाढत कशावर होतं?"

हा प्रश्न विज्ञानाचा होता, पण त्याचे उत्तर आमच्या खात्यातले निघाले. आम्ही म्हटले, "दुकानदाराच्या गल्ल्यात संध्याकाळी रोकड नाही म्हणजे दुकान चालत नाही असं नव्हे. आलेला पैसा त्याने लगेच मालात घातला असेल. गोदाम बघायला पाहिजे." शेवाळाचे तसेच आहे. खत पाण्यात येता क्षणी ते शोषून घेते. तपासणीत शून्य दिसते आणि सगळी जमा हिरव्या केसांत दडलेली असते.

मग आम्ही वहीचे पान उभे दुमडले. एका बाजूला जमा, दुसऱ्या बाजूला खर्च. पेटीत खत कुठून कुठून येते आणि कशाने बाहेर जाते, एवढेच लिहायचे ठरले. शेवाळाला दोष देणे त्या दिवशी बंद केले. शेवाळ म्हणजे शिल्लक बाकी. जमा जास्त आणि खर्च कमी असेल तर बाकी राहणारच. ती खोडून टाकल्याने ताळेबंद जुळत नाही.

जमेची पहिली बाब निघाली पाण्याची. मुंबईच्या उकाड्यात पेटी थंड ठेवायला आम्ही वर पंखा लावला होता. पंख्याने रोज सुमारे तीन लिटर पाणी उडून जाई. पाणी उडते, पण त्यात विरघळलेले पदार्थ मागेच राहतात. म्हणून भर घालायचे पाणी शुद्ध लागते. आम्ही घरच्या आर.ओ. यंत्राचे पाणी घालत होतो आणि निर्धास्त होतो. थोरलीने मैत्रिणीकडून टी.डी.एस. मोजायचे पेन आणले. नळाचे पाणी ९०, आणि आर.ओ.चे ४० निघाले! मेकॅनिकला बोलावले तेव्हा उलगडा झाला. पिण्याचे पाणी अगदी बेचव लागू नये म्हणून घरगुती यंत्रात थोडे न गाळलेले पाणी पुन्हा मिसळण्याची सोय असते. माणसाला ते ठीक, पण पेटीला नाही. महिन्याला ९० लिटर असे पाणी आत जात होते आणि त्यातले सिलिकेट, नायट्रेट जे काय असेल ते साठत होते. पेन कोणता पदार्थ किती आहे हे सांगत नाही, पण काहीतरी सुटते आहे एवढे नक्की सांगते. मेकॅनिकने मिश्रणाच्या आधीच एक वेगळी नळी काढून दिली आणि पुढे डी-आयोनायझेशनचे एक छोटे नळकांडे जोडले. पेन शून्यावर आले.

इथे काही जण विचारतील, समुद्र दारात असताना एवढे कशाला? आम्हालाही तो मोह झाला होता. पण मुंबईच्या किनाऱ्याच्या पाण्यात शहराचे सांडपाणी मिसळते, म्हणजे ते खतच. स्वयंपाकाचे मीठही चालत नाही, कारण समुद्राच्या पाण्यात मिठाखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम असे पुष्कळ काही असते. म्हणून तयार मीठ विकत आणावे लागते. लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार, हे समुद्राचे माप.

आईची चिमूट

जमेची दुसरी बाब माशांच्या खाण्याची. तीन महिने पुरायला हवा असा खाण्याचा डबा पाच आठवड्यांत संपत होता. घरात चौकशी केली. धाकटा सकाळी घालायचा. मुलांची आई नाश्त्याच्या वेळी घालायची. आम्ही रात्री घालायचो. प्रत्येकाला वाटे, आपणच एकटे घालतो. तरी हिशेब लागेना.

मग आई हळूच म्हणाली, "दुपारचं मी घालते."

"किती वेळा?"

"ते काचेला तोंड लावून बघत्यात रं. मी जेवाया बसले की समोरच येत्यात. त्यांना दिल्याबिगर मला घास गिळत नाही."

आमची आई जालना जिल्ह्यातली. १९७२ च्या दुष्काळात, विशीच्या आतबाहेर असताना, तिने रस्त्यावर खडी फोडली आहे. समोरचा मागतो आहे आणि आपल्या हातात आहे, तरी द्यायचे नाही, हे तिला जमणारे नाही. तिला आम्ही काय सांगणार, की आई, तुझ्या चिमटीने मासा मेला? तसे ते खरेही नव्हते. मासा आमच्या बाटलीने मेला होता.

पण हिशेब मांडला तेव्हा आम्हीही थक्क झालो. माशांच्या सुक्या खाण्यात साधारण एक टक्का फॉस्फरस असतो. एक ग्रॅम खाणे म्हणजे दहा मिलिग्रॅम फॉस्फरस, आणि त्याचे फॉस्फेट होते सुमारे तीस मिलिग्रॅम. आमच्या पेटीत खडक आणि वाळू वजा जाता पाणी दीडशे लिटर. म्हणजे एक ग्रॅम खाण्यातून लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम फॉस्फेट येऊ शकते. अशा पेटीत फॉस्फेट ०.१ च्या आत असावे असे जाणकार सांगतात. आम्ही रोज ग्रॅम-दीड ग्रॅम ओतत होतो. माशाच्या अंगाला लागते थोडेच, बाकीचे विष्ठेतून आणि कुजून पाण्यात येते.

उपाय थोरलीने काढला. आजीच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची सात कप्प्यांची डबी असते. तशीच दुसरी आणली. रविवारी थोरली प्रत्येक कप्प्यात दिवसाचे खाणे मोजून भरते. खाणे घालायचा अधिकार फक्त आजीचा. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. आजीने दुपारी जेवायला बसायच्या वेळी त्यातलेच दोन वेळा द्यायचे. आई पहिल्या दिवशी कप्पा उघडून म्हणाली, "एवढुसंच?" मग स्वतःच म्हणाली, "बरं, रोजचं रोज मिळतंय तर पुरतंय." घरातली सगळ्यात मोठी चूक जिच्या हातून होत होती तिलाच त्या कामाची प्रमुख केले, आणि त्या दिवसापासून त्यात एकदाही खाडा झालेला नाही.

जमेची तिसरी बाब होती थकबाकीची. शिंपल्यांच्या चुऱ्याचे खडक म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ते फॉस्फेट धरून ठेवतात आणि पाण्यातले फॉस्फेट कमी झाले की हळूहळू सोडू लागतात. म्हणून नवी आवक थांबवली तरी शेवाळ लगेच हटत नाही. बहुतेक लोक इथेच धीर सोडतात आणि बाटलीकडे वळतात. थकबाकी फिटायला महिने लागतात हे आधी माहीत असेल तर माणूस टिकतो.

खर्चाची बाजू

खर्चाची पहिली बाब म्हणजे पाणी बदलणे. दर रविवारी वीस लिटर काढायचे, वीस लिटर नवे घालायचे. इथे आमच्या बी.कॉम.चा उपयोग झाला. यंत्राचा घसारा घटत्या बाकीवर काढतात, तसेच हे. दीडशेतले वीस लिटर बदलले की विरघळलेले खत शंभरातले सत्याऐंशी उरते. पुढच्या वेळी त्या सत्याऐंशीतून कमी होते. चार आठवड्यांनीही शंभरातले छप्पन्न शिल्लक असते, तेही नवीन काही आले नाही तर. म्हणून नुसत्या पाणी बदलण्यावर विसंबून भागत नाही.

दुसरी बाब खुरपणीची, आणि तिथे आमची गुरू आमची आई. आम्हाला ब्रश चालवताना बघून ती म्हणाली, "आरं, वरवर कापलं की ते दुप्पट फुटून येतं. बुडातनं उपट आन् बांधाच्या बाहेर टाक." दुसऱ्यांच्या शेतात निंदणी करण्यात तिचे तारुण्य गेले. तिचे ते एक वाक्य पुस्तकातल्या दहा पानांइतके मोलाचे ठरले. आम्ही खडक एकेक करून बाहेर काढले. पेटीतून काढलेल्या खाऱ्या पाण्याच्या बादलीत ठेवून चिमट्याने बुडापासून उपटले, त्याच पाण्यात हलवून धुतले आणि परत ठेवले. जे खडक हलवता येत नव्हते त्यांच्याजवळ रबरी नळी धरून उपटलेला धागा त्याच क्षणी पाण्याबरोबर बाहेर ओढून घेतला. घासणे आणि उपटणे यात फरक हाच, की उपटलेल्या शेवाळाबरोबर त्याने शोषलेले खतही घराबाहेर जाते. प्रत्येक मूठ म्हणजे खर्ची पडलेली रक्कम.

याच तत्त्वावर अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेतील शास्त्रज्ञ वॉल्टर एडी यांनी एक युक्ती बसवली होती आणि १९८२ साली तिचे पेटंटही घेतले. जाळीवर पाणी सोडायचे, भरपूर उजेड द्यायचा आणि शेवाळ मुद्दाम तिथेच वाढू द्यायचे. मग ते खरवडून फेकायचे. म्हणजे शेवाळालाच नोकरीला ठेवायचे! आम्ही पेटीमागे एक प्लास्टिकचा डबा बसवला, त्यात गुंतवळासारखे कीटोमॉर्फा शेवाळ ठेवले आणि रात्री त्यावर छोटा दिवा लावला. दर पंधरा दिवसांनी त्यातले मूठभर काढून टाकतो.

तिसरी बाब चरणाऱ्या जीवांची. थोरलीने याबाबत वाचलेली एक हकिकत सांगितली, ती वाचकांसाठी देतो. कॅरिबियन समुद्रात जमैका बेटाभोवती मोठे प्रवाळखडक होते. तिथे मासेमारी इतकी झाली की शेवाळ चरणारे मासे उरले नाहीत. तरी खडक साफ राहत, कारण लांब काट्यांचा सी-अर्चिन नावाचा जीव शेवाळ खात असे. सगळा भार त्या एकट्यावर होता. १९८० साली ॲलन वादळाने प्रवाळांची मोडतोड केली. १९८३ मध्ये पनामाकडून रोगाची साथ सुरू झाली आणि वर्षभरात कॅरिबियनमधले बहुतेक सगळे अर्चिन मेले. टेरी ह्यूज या शास्त्रज्ञाने १९९४ साली 'सायन्स' नियतकालिकात जमैकाचा हिशेब मांडला. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस पन्नास टक्क्यांहून जास्त जागा व्यापणारे प्रवाळ पाच टक्क्यांच्याही खाली आले होते आणि शेवाळ चार टक्क्यांवरून ब्याण्णव टक्क्यांवर गेले होते.

समुद्राची ही गत, तर आमच्या पेटीची काय कथा! आमच्याकडे चरणारे कोणीच नव्हते. म्हणून खुरपणीनंतर काही नेरिट गोगलगायी आणि एक ब्लेनी मासा आणला. मात्र एक ध्यानात ठेवावे. गोगलगाय कोवळी लव चरते, बोटभर वाढलेल्या केसांना तोंड लावत नाही. आधी माणसाने उपटायचे, मग तिने राखायचे.

चौथी गोष्ट दिव्याची. तो बारा तास जळत होता, तो आठ तासांवर आणला. विजेचे बिलही थोडे उतरले आणि मुलांच्या आईचा रागही.

शून्य हे ध्येय नव्हे

मे महिन्यात आमचा उत्साह वाढला आणि आम्ही फॉस्फेट शोषणारी लोखंडाची तपकिरी भुकटी भरपूर घालून सगळे झटपट शून्यावर आणायचे ठरवले. या वेळी मात्र मुलीला आधी विचारले. तिने थांबवले. प्रवाळालाही थोडे नायट्रेट, थोडे फॉस्फेट लागते. पाण्यात दोन्ही अगदी संपले तर प्रवाळ फिके पडतात, आणि कधी कधी रिकाम्या जागेवर डायनोफ्लॅजेलेट नावाचे तपकिरी, शेंबडासारखे जीव येतात. ते हिरव्या केसांहून चिवट. शत्रू संपवायच्या नादात शेतच नापीक करून चालत नाही.

जून उजाडला तेव्हा खडक पूर्ण साफ झाले नव्हते. पण केस बोटावरून नखाएवढे झाले होते आणि गाडल्या गेलेल्या झोअँथसची अकरा बटणे उघडली होती. थोरलीने ती मोजून आईला दाखवली. मुलांच्या आईने पेटीकडे बघितले, सासूबाईंच्या हातातल्या डबीकडे बघितले आणि म्हणाली, "राहू द्या." एवढाच ठराव, पण तो एकमताने मंजूर झाला. डिसेंबर २०२३ पर्यंत खडकांवर जांभळट रंगाचा कठीण थर दिसू लागला. तोही एका प्रकारच्या शेवाळाचाच, पण तो आला म्हणजे पेटी निरोगी होत आहे असे समजावे.

एकटा उरलेला क्लाऊनफिश आजही आहे. त्याला आम्ही नवा जोडीदार आणला, टाकीत पैदा झालेला. समुद्रातून पकडलेला मासा घ्यायचा नाही असे मुलीने ठरवले होते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाऊनफिश टाकीत वाढवण्याचे तंत्र बसवले आहे, त्यामुळे असे मासे मिळतात. मागच्या काचेवर तीन बोटे हिरवी पट्टी आहे. ती आम्ही मुद्दाम ठेवतो. जमा वाढली की तीच आधी सांगते.

ज्यांच्या घरी असे मत्स्यालय आहे त्यांच्यासाठी चार शब्द. आधी शेवाळ ओळखा. नव्या पेटीत तपकिरी धूळ येते ती बहुधा आपोआप जाते. लाल-जांभळी साय पापुद्र्यासारखी सुटत असेल तर ते शेवाळ नसून जीवाणू आहेत. हिरवे मणी दिसले तर फोडू नका, अखंड काढा. धागा पिसासारखा दिसत असेल तर ते ब्रायॉप्सिस. त्यावर काही जण बुरशीवरचे फ्लुकोनाझोल औषध वापरतात, पण कोणत्याही औषधाने जमेची बाजू कमी होत नाही. आणि ज्या बाटलीवर आत काय आहे ते लिहिलेले नाही, ती घरात आणू नका.

ज्यांच्या घरी मत्स्यालय नाही त्यांनी एवढा लांब लेख का वाचावा? घरात एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा डोके वर काढत असेल, मग ते कर्ज असो, मुलाचे नापास होणे असो की नवरा-बायकोची कुरबुर असो, तर आपण रविवारी ब्रश घेऊन वरवर घासतो आणि सोमवारी थकून बसतो. त्यापेक्षा सगळ्यांनी एकत्र बसून वहीचे पान उभे दुमडावे. कुठून येते आणि कुठे जाते ते लिहावे. लिहिताना घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आणि शाळेत जाणाऱ्या मुलीलाही विचारावे. आमच्या घरात अर्धे उत्तर एकीजवळ होते आणि अर्धे दुसरीजवळ. आम्ही मात्र ते दुकानात शोधत होतो.

थोरली आता बी.एस्सी.ला आहे. तिची पहिली वही आम्ही जपून ठेवली आहे. त्यात फेब्रुवारीतल्या त्या मंगळवारी तिने एकच ओळ लिहिली आहे, "आज तीन जीव गेले. कारण शोधायचे आहे." तिच्या ओळीखाली आम्ही नंतर आमची सही केली.